आलेखावर वर्तुळ काढायचंय? आधी अक्षांचं स्केल बघा

अकरावीला वर्तुळाचं समीकरण येतं, पुढे कॉलेजात आलेख काढणारं एखादं सॉफ्टवेअर हाताशी येतं, आणि दोन्हींची गाठ पडली की बहुतेकांच्या स्क्रीनवर पहिल्यांदा अंडं उमटतं. समीकरण बरोबर, त्रिज्या बरोबर, तरी आकृती आडवी फुगलेली. मग विद्यार्थी सूत्र तपासत बसतात. सूत्रात काहीच चुकलेलं नसतं. आडव्या अक्षावरचं एक एकक आणि उभ्या अक्षावरचं एक एकक स्क्रीनवर सारख्या लांबीचं नसतं, एवढंच. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढायला बसलात की आधी हे स्केल सारखं करायचं बटण किंवा कमांड शोधा, समीकरण नंतर.

सुरुवातीलाच एक व्यवहाराची सूचना. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी स्पेलिंगने करायच्या. पायथनमधले जे एक-दोन अपवाद आहेत ते जागच्या जागी सांगतो, बाकी सगळं लहान अक्षरांत. आकडेही इंग्रजी कीबोर्डवरचेच. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि ५ देवनागरीत गेला, की सॉफ्टवेअर चूक दाखवतं आणि चूक नेमकी कुठे आहे ते काही केल्या दिसत नाही. कॉस आणि साइन लिहिताना तीन-तीन अक्षरांची रूपं वापरा: सी-ओ-एस, एस-आय-एन.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

हातात फक्त मोबाइल असेल, म्हणजे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली आणि क्लासच्या आधी एक गणित पडताळून बघायचंय, तर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा. जर्नलमध्ये लावण्यासारखी, पुन्हा पुन्हा तशीच निघणारी आकृती हवी असेल तर ग्नूप्लॉट किंवा पायथनमधलं मॅटप्लॉटलिब. ऑफिसात एक्सेलशिवाय काहीच नसेल तर एक्सेलमध्येही होतं, पण हात दुखतात. एक्सेल सोडलं तर विद्यार्थ्याला यातल्या कशालाच पैसे मोजावे लागत नाहीत.

शिकायला सोबत हवी असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. जिओजेब्राचे छोटे धडे तिथे आहेत, मराठीतूनही. इंग्रजी व्हिडिओंच्या वेगाने दमलेल्यांनी तिथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

पहिली पायरी: त्रिज्या ५ घ्या

सरावासाठी केंद्र (०, ०) आणि त्रिज्या ५ घ्या. त्यामागे कारण आहे. एक्स² + वाय² = २५ हे वर्तुळ आलेखावरच्या चौकड्यांच्या बरोबर १२ कोपऱ्यांतून जातं: (५, ०), (०, ५), (३, ४), (४, ३) आणि चिन्हं बदलून मिळणारे बाकीचे. त्यामुळे आकृती बरोबर आली की नाही हे डोळ्याने मोजता येतं. जाळी, म्हणजे ग्रिड, चालू करा आणि रेषा (३, ४) च्या कोपऱ्यावरून जाते का बघा. नुसतं गोल दिसणं हा पुरावा नाही. तो का नाही, ते ग्नूप्लॉटच्या भागात येतंच.

दुसरी पायरी: डेस्मॉस आणि जिओजेब्रा

डेस्मॉसमध्ये डावीकडच्या रकान्यात समीकरण जसंच्या तसं टाइप करा, वर्तुळ तयार. केंद्र सरकवायचं असेल तर (एक्स − २)² + (वाय − ३)² = २५ लिहा, केंद्र (२, ३) वर जातं. कंसातलं चिन्ह उलटं असतं हे इथे नवशिक्याला कळतं. दोन आणि तीनच्या जागी एच आणि के, आणि २५ च्या जागी आर² लिहिलंत तर डेस्मॉस स्लायडर देऊ करतं. ते घ्या आणि बोटाने सरकवून बघा. केंद्र आणि त्रिज्या समीकरणात कुठे बसलेली आहेत ते फळ्यावरच्या अर्ध्या तासापेक्षा इथे लवकर समजतं. बरोबरच्या चिन्हाऐवजी ‘पेक्षा लहान’ टाकलं तर आतला भाग रंगतो आणि कड तुटक रेषेने दिसते. ‘लहान किंवा बरोबर’ टाकलं तर कड सलग येते. असमानतेच्या गणितात कड धरायची की सोडायची हा घोळ इथे एका नजरेत मिटतो.

जिओजेब्रा २००१ साली मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना सुरू केलं, आणि त्याची घडण भूमितीच्या पेटीसारखी आहे. केंद्र आणि एक बिंदू देऊन वर्तुळ, केंद्र आणि त्रिज्या देऊन वर्तुळ, तीन बिंदूंतून जाणारं वर्तुळ, अशी वेगवेगळी साधनं वरच्या पट्टीत मिळतात. तीन बिंदूंचं साधन दहावीवाल्यांनी जरूर वापरावं: त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू दाखवले की परिवर्तुळ समोर येतं, आणि एक शिरोबिंदू ओढला की ते सोबत बदलतं. तिन्ही बिंदू एका रेषेत आणले तर काय होतं तेही बघून घ्या.

दोन्हीकडे सुरुवातीला अक्षांचं स्केल सारखंच असतं, म्हणून वर्तुळ गोल येतं. बिघडतं कधी? शिफ्ट दाबून अक्ष ओढला, की त्या एकाच अक्षाचं स्केल ताणलं जातं आणि अंडं तयार. जिओजेब्रात रिकाम्या जागी राइट क्लिक करून एक्स अक्ष आणि वाय अक्षाचं प्रमाण १:१ करा, सगळं जागेवर येतं.

तिसरी पायरी: ग्नूप्लॉट

इथे थोडं थांबू, कारण वर्तुळाच्या बाबतीत सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं. ग्नूप्लॉट १९८६ सालचं आहे. बटणं नाहीत, कमांड लिहायच्या. दिसायला रुक्ष, पण तुम्ही सांगाल तेवढंच करतं आणि त्याच फाइलमधून पुढच्या वर्षीही तीच आकृती निघते.

नवशिक्या पहिल्यांदा एक्स² + वाय² = २५ लिहून बघतो. ग्नूप्लॉटला असं समीकरण सरळ समजत नाही, त्याला ‘वाय बरोबर काहीतरी’ हवं असतं. मग वर्गमुळाची युक्ती सुचते:

प्लॉट एसक्यूआरटी(२५-एक्स**२), -एसक्यूआरटी(२५-एक्स**२)

वरचं अर्धं आणि खालचं अर्धं असे दोन तुकडे येतात खरे, पण डावी-उजवीकडे ते एकमेकांना चिकटतच नाहीत. का, ते आकड्यांत बघू. काही सांगितलं नाही तर ग्नूप्लॉट एक्सची किंमत −१० ते १० धरतं आणि त्यात १०० बिंदू घेतं. म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे ०.२०२. या बिंदूंत ५ च्या आतला सगळ्यात जवळचा बिंदू ४.९४९५ वर पडतो. तिथे वर्गमुळाची किंमत ०.७०९ येते. पुढचा बिंदू ५ च्या बाहेर, तिथे वर्गमुळात ऋण संख्या, म्हणून रेषा तिथेच तुटते. वरचा तुकडा ०.७०९ वर थांबला, खालचा −०.७०९ वर, मधे जवळजवळ दीड एककाची फट. ‘सेट सॅम्पल्स १०००’ केलंत तर फट बारीक होते, पण मूळ रोग तसाच राहतो: टोकाशी वर्तुळ जवळजवळ उभं असतं, आणि आडव्या दिशेने सारख्या अंतरावर घेतलेले बिंदू उभ्या भागात अपुरेच पडणार.

उपाय म्हणजे एक्सवर अवलंबून न राहता कोनावर जायचं:

सेट पॅरामेट्रिक
सेट टीरेंज [०:२*पाय]
सेट साइज रेशो -१
प्लॉट ५*कॉस(टी), ५*साइन(टी)

टी हा कोन, रेडियनमध्ये. तो शून्यापासून दोन पायपर्यंत फिरला की पूर्ण फेरी होते, बिंदू परिघावर सारख्या अंतराने पडतात आणि फट राहत नाही. केंद्र (२, ३) हवं असेल तर दोन्हींच्या आधी मिळवा: २+५*कॉस(टी), ३+५*साइन(टी). कंसातल्या उलट्या चिन्हाची भानगड इथे नाही, आणि म्हणून मला हेच रूप जास्त आवडतं.

तिसऱ्या ओळीतल्या ‘रेशो -१’ कडे नीट बघा. उणे एक म्हणजे दोन्ही अक्षांवरचं एक एकक सारख्या लांबीचं ठेव. मित्राने पाठवलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा याऐवजी ‘सेट साइज स्क्वेअर’ असतं. त्याने फक्त चौकट चौरस होते. एक्सची रेंज −६ ते ६ आणि वायचीही −६ ते ६ असेल तर आकृती गोल येईल, पण एकीकडे −१० ते १० आणि दुसरीकडे −६ ते ६ असेल तर चौरस चौकटीत उभं अंडं. उणे एकची सवय लावून घ्या.

आता ती गोल दिसण्याची गोष्ट. ग्नूप्लॉटमध्ये वर्तुळ हा तयार आकारही मिळतो:

सेट ऑब्जेक्ट १ सर्कल ॲट २,३ साइज ५

हे लिहून एंटर दाबलं तर काहीच दिसत नाही, कारण तो आकार पुढच्या ‘प्लॉट’ किंवा ‘रीप्लॉट’च्या वेळी उमटतो. उमटल्यावर मात्र तो नेहमीच गोल असतो, अक्षांचं स्केल कितीही वेगळं असलं तरी. ग्नूप्लॉट त्रिज्या आडव्या अक्षावरून मोजतं आणि उभ्या दिशेला तेवढीच लांबी घेतं. चौकट आडवी आणि दोन्ही रेंज सारख्या असतील तर या वर्तुळाचा माथा उभ्या अक्षावर ८ वर यायच्या ऐवजी ८ च्या बराच वर जातो. आकृती सुबक, वाचन चुकीचं. अंडं निदान आपण बिघडलोय हे ओरडून सांगतं, हे गोल वर्तुळ गप्प बसून फसवतं. म्हणून (२, ३) केंद्र असेल तेव्हा (५, ७) हा बिंदू परिघावर येतो का ते तपासायचं. रेशो −१ असेल तर येतोच. अक्षांचं स्केल मुद्दाम वेगळंच ठेवायचं असेल तर सर्कलऐवजी इलिप्स वापरा. त्यात ‘साइज’ पुढे दोन आकडे लागतात आणि ते पूर्ण व्यास असतात, त्रिज्या नव्हेत. ५ त्रिज्येसाठी १०,१०.

एकाच वेळी बरीच वर्तुळं हवी असतील तर फाइलमध्ये तीन रकाने करा: केंद्राचा एक्स, केंद्राचा वाय, त्रिज्या. मग ‘प्लॉट’ पुढे अवतरणात फाइलचं नाव आणि ‘विथ सर्कल्स’. वर्तुळं एकमेकांवर चढत असतील तर आधी ‘सेट स्टाइल फिल ट्रान्स्परंट सॉलिड ०.३’ द्या, खालचं वरच्यातून दिसतं.

चौथी पायरी: मॅटप्लॉटलिब

जॉन हंटर यांनी २००३ मध्ये पहिल्यांदा आणलेलं हे पायथनचं साधन आज कॉलेजांत सर्रास दिसतं. त्याची न सांगता मिळणारी आकृती ६.४ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असते. समासाची जागा वगळली तरी आतली चौकट उंचीपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने रुंद राहते, आणि दोन्ही रेंज सारख्या असतील तर वर्तुळ तेवढंच फुगतं. यावरची ओळ (एएक्स हे आलेखाच्या चौकटीला दिलेलं नाव, पुढे येणारं पीएलटी म्हणजे मॅटप्लॉटलिबमधलं पायप्लॉट):

एएक्स.सेट_ॲस्पेक्ट('इक्वल')

आणि वर्तुळाची ओळ:

एएक्स.ॲड_पॅच(पीएलटी.सर्कल((२, ३), ५, फिल=फॉल्स))

सर्कलचा सी आणि फॉल्सचा एफ मोठा, बाकी लहान. एवढं करून चालवलं तर रिकामी चौकट येते आणि नवशिक्या गांगरतो. पॅच, म्हणजे तयार आकार, टाकला म्हणून मॅटप्लॉटलिब आपणहून अक्षांची रेंज बदलत नाही, अक्ष ० ते १ वरच राहतात. आपलं वर्तुळ एक्सवर −३ ते ७ आणि वायवर −२ ते ८ एवढं पसरलेलं, त्यामुळे ० ते १ चा तो चिमुकला चौकोन पूर्णपणे वर्तुळाच्या पोटात असतो आणि कड कुठेच दिसत नाही. फिल=फॉल्स काढून बघा, अख्खी चौकट निळी होईल. रेंज हाताने द्या: एएक्स.सेट_एक्सलिम(-४, ८) आणि एएक्स.सेट_वायलिम(-३, ९).

स्कॅटर वापरून मोठे ठिपके काढले तर ते वर्तुळासारखे दिसतात, पण त्यांचा आकार आलेखाच्या एककांत नसतो. तिथला ‘एस’ हा आकडा छपाईच्या पॉइंटच्या वर्गात मोजतात, आणि एका इंचात असे ७२ पॉइंट. झूम केलं तरी ठिपका तेवढाच राहतो. त्रिज्येला अर्थ असेल तिथे स्कॅटर नको.

एक्सेल किंवा लिबरऑफिस

पहिल्या रकान्यात ०, १०, २० असे ३६० पर्यंत अंश भरा. शेवटचा ३६० विसरला तर वर्तुळ मिटत नाही. दुसऱ्यात ५ गुणिले कॉस, तिसऱ्यात ५ गुणिले साइन, आणि दोन्हीकडे अंशांवर आधी ‘रेडियन्स’ हे फंक्शन लावा. ते न लावल्यास पडद्यावर जाळं विणलेलं दिसेल. मग दुसरा आणि तिसरा रकाना निवडून स्कॅटर चार्ट, लाइन चार्ट नव्हे. दोन्ही अक्षांना −६ ते ६ हाताने द्या आणि चार्ट ओढून आतली चौकट चौरस करा. सुटसुटीत उपाय इथे नाही.

पाचवी पायरी: मुंबईच्या नकाशावर १० किलोमीटर

आता खरं काम. प्रोजेक्टमध्ये हमखास येतं: दादर स्टेशनपासून १० किलोमीटरच्या आत काय काय येतं ते दाखवा. मोबाइलच्या नकाशात दादरवर बोट दाबून धरलं की सुमारे १९.०२, ७२.८४ असे आकडे मिळतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आलेखाला मात्र आधी आडवा आकडा लागतो, म्हणजे रेखांश. तसेच्या तसे चिकटवले तर उत्तर-दक्षिण लांबलचक मुंबई आडवी पडते आणि विरार उजवीकडे जातं.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. अक्ष अंशांत आहेत, त्रिज्या किलोमीटरमध्ये. मुंबईच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, पण रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.३ किलोमीटरचाच, कारण विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात. म्हणून १० किलोमीटर म्हणजे उभ्या दिशेला ०.०९०३ अंश आणि आडव्या दिशेला ०.०९५ अंश. अंशांच्या कागदावर खरं वर्तुळ थोडं आडवं पसरलेलं असायलाच हवं. दोन्हीकडे ०.०९०३ घेऊन काढलेलं गोल वर्तुळ पूर्व-पश्चिम अर्धा किलोमीटर कमी पडतं. मानखुर्दसारखं काठाजवळचं स्टेशन आत की बाहेर, हे मग अशा फरकावर ठरायला लागतं.

ग्नूप्लॉटमध्ये ‘सेट साइज रेशो -१.०५’ द्या, म्हणजे अक्षांशाचा अंश रेखांशाच्या अंशापेक्षा तेवढा लांब दिसेल, आणि वर्तुळ ७२.८४,१९.०२ वर ०.०९५ साइजने काढा. वर सांगितल्याप्रमाणे सर्कल आडव्या अक्षावरून मोजतं आणि गोलच राहतं, त्यामुळे मघाशी फसवणारा तोच स्वभाव इथे कामी येतो. मॅटप्लॉटलिबमध्ये सेट_ॲस्पेक्ट(१.०५) करा आणि वर्तुळाच्या जागी इलिप्स (ई मोठा) घ्या: रुंदी ०.१९, उंची ०.१८१. इथेही पूर्ण व्यासच.

तपासणी सोपी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आत यायला हवं, वांद्रे आणि कुर्लाही आत, अंधेरी बाहेर. अंधेरी आत दिसली तर आकडे पुन्हा बघा. आणि प्रोजेक्टच्या निष्कर्षात हे अंतर प्रवासाचं आहे असं लिहू नका. हे सरळ रेषेतलं अंतर आहे, पश्चिमेकडचा बराचसा भाग तर अरबी समुद्रातच पडतो. रुळांवरून धावणाऱ्या गाडीला वर्तुळाशी देणंघेणं नसतं: बोरीबंदर ते ठाणे हा १८५३ चा पहिला मार्ग ३४ किलोमीटरचा, आणि आजच्या त्या दोन स्टेशनांमधलं सरळ अंतर ३१ च्या आसपास.

सेव्ह करणं आणि छापणं

इतकं सगळं नीट करून आकृती वर्डमध्ये चिकटवली जाते आणि पानात बसवायला बाजूचं हँडल धरून ओढली जाते. गेलं वर्तुळ. ओढायचं तर कोपऱ्याचं हँडल धरून. जर्नलसाठी आकृती पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये सेव्ह करा, मोठी केली तरी कड फाटत नाही. स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवरून झेरॉक्सवाल्याला पाठवला तर कड फुटणारच, त्याच्या नावाने बोटं मोडू नका. पीडीएफच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापलेला कागद हातात आला की दुकानातच पट्टी लावून आडवा आणि उभा व्यास मोजून घ्या. फरक निघाला तर पानावर ताणून बसवायचा पर्याय बंद करून दुसरी प्रिंट मागा.